नथीचा मधला मोती

विनताने मोती लाकडी ठोकळ्याच्या खळग्यात बसवला, करंगळी वाटीतल्या पाण्यात बुडवून एक थेंब त्यावर सोडला आणि सुईचं टोक बरोबर माथ्यावर टेकवलं. छोट्या धनुकलीची दोरी सुईच्या दांड्याला गुंडाळलेली होती. उजवा हात मागेपुढे होऊ लागला तशी सुई गरगरू लागली आणि बैठकीत एक बारीक, सलग आवाज भरून राहिला.

समोर अंबादासजी मालगुजार मांडी घालून बसले होते. शहपुऱ्याहून सकाळच्या गाडीने मदन महल स्टेशनला उतरून, टांगा करून ते थेट इथे आले होते. मुलीचं, मीराचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. तिच्या नथीचे सहा मोती त्यांनी दोन वर्षांत एकेक करून भय्यासाहेबांकडूनच जमवले होते. मधला, सगळ्यांत मोठा, तेवढा राहिला होता. तोच आज विंधला जात होता. मोती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत विंधायचा, ही या घराची रीत. विंधताना बदलला, असं उद्या कोणी म्हणायला नको.

भय्यासाहेब खिडकीजवळच्या गादीवर होते. जबलपूरच्या सराफ्यात मोत्यावरून वाद झाला की दोन्ही बाजू गोरखपूर मोहल्ल्यातल्या या बैठकीत येत. भय्यासाहेब मोती उजेडात धरत, बोटांत फिरवत आणि बसऱ्याचा की आणखी कुठला ते सांगत. त्यावर पुन्हा कोणी बोलत नसे. त्यांचा मुलगा श्यामसुंदर तोफगाड्यांच्या कारखान्यात कारकून होता. मोत्यांकडे बघून त्याला झोप येई. जुना विंधणारा कारागीर हैदराबादला निघून गेला, तेव्हा भय्यासाहेबांनी सुनेला, विनताला, समोर बसवलं. आधी शिंपल्याच्या तुकड्यांवर, मग डागी मोत्यांवर. डोळे मिटून ते शेजारी बसत आणि नुसत्या आवाजावरून सांगत, "दाबू नको. सुई आपली आपण जाते." या गोष्टीला सात वर्षं झाली होती. सात वर्षांत विनताच्या हातून एकही मोती फुटला नव्हता.

हा मोती महिन्यापूर्वी मुंबईच्या एका दलालाने आणला होता. भय्यासाहेबांनी तो फार वेळ डोळ्यांजवळ धरला होता. अलीकडे ते सगळंच फार जवळ धरत. जेवताना मिठासाठी त्यांची बोटं ताटात चाचपडत आणि विनता न बोलता मीठ पुढे सरकवी. घरात याबद्दल कोणी काही बोलत नसे.

"बसऱ्याचा आहे," ते म्हणाले होते. "सूनबाई, बघ तर पाणी कसं आहे!"

तिने पाहिलं होतं. मोती फारच गोल होता. चमक आतून येत नव्हती, काचेवर उजेड पडावा तशी वरच्या वर थांबत होती. जपानात शिंपल्यात मणी घालून मोती तयार करतात, मुंबईचा बाजार त्यांनी भरून गेलाय, हे तिने ऐकलं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण मामंजी कितीतरी दिवसांनी असे खुललेले होते.

"छान आहे," ती म्हणाली होती.

आता सुई आत चालली होती. पांढरी भुकटी पाण्यात विरघळून ठोकळ्यावर उतरत होती. आणि मग, फार आत गेलेली नसतानाच, सुई अडली. आवाज बदलला. खाली निराळंच काही होतं, कठीण, कोरडं.

विनताचा हात थांबला नाही. पण तिने नजर वर केली. भय्यासाहेब इतका वेळ शालीच्या काठावरून बोट फिरवत होते. ते बोट थांबलं होतं.

असंच आरपार विंधून दिलं असतं तर आज कुणाला कळलं नसतं. कधीतरी मुलीच्या सासरचा, नागपूरकडचा एखादा सोनार नथ दुरुस्तीला घेईल, छिद्रात डोकावेल, आणि सासरी त्या पोरीला ऐकावं लागेल. आणि आत्ताच बोलावं, तर गिऱ्हाइकासमोर मामंजींच्या शब्दाचं काय? विंधताना मोती फुटला तर घर दुसरा भरून देई. दोष विंधणाऱ्या हाताला लागे. हात तिचा होता.

तिने सुई किंचित तिरपी केली आणि जोर दिला. टच् असा आवाज झाला. तिने पटकन मूठ मिटली.

"काय झालं?" अंबादासजी पुढे झुकले.

"फुटला. माझा हात सरकला."

"फुटला?" ते उठूनच उभे राहिले. "लग्नाच्या नथीचा मोती फुटला?"

"आम्ही दुसरा देऊ जी..."

"दुसऱ्याचं नाही बोलून राहिलो मी!" ते भय्यासाहेबांकडे वळले. "मीराच्या आईला काय सांगू घरी जाऊन? अपशकुन आहे हा. असं काम बाईच्या हाती काहून दिलं तुम्ही?"

हे विनताच्या मनातच आलं नव्हतं. तिने फक्त मोत्याचा विचार केला होता. कधी न पाहिलेली ती मुलगी बोहल्यावर उभी राहील, तेव्हा घरातल्या बाया एकमेकींकडे बघतील. पुढे काही कमीजास्त झालं की हाच मोती आठवतील. मुठीतली कपची तळव्याला टोचत होती.

भय्यासाहेबांनी हात पुढे केला.

"दे इकडे."

"मामंजी, तुकडे आहेत. बोटाला लागतील."

"दे."

तिने मूठ उघडली. भय्यासाहेबांनी तुकड्यांकडे पाहिलंच नाही. मण्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं, कपचीच्या कडेवर थांबवलं, परत फिरवलं. मग ते सगळं अंबादासजींच्या तळहातावर ठेवलं.

"बसा अंबादासजी. हिचा हात सरकला नाही. हा मोती जपानी आहे. आत मणी दिसतो, बघा. मी खरा म्हणून घेतला आणि खरा म्हणून तुम्हाला सांगितला. मला आता नीट दिसत नाही."

बाहेर रस्त्यावर टांगेवाला घोड्याला चुचकारत होता.

"तेव्हा मोती फुटला असं घरी सांगू नका," भय्यासाहेब म्हणाले. "मोती नव्हताच तो. खोटी वस्तू पोरीच्या नथीत जाता जाता राहिली, एवढंच सांगा."

अंबादासजी खाली बसले. तळहातावरचा मणी त्यांनी बोटाने उलटासुलटा केला. मग सावकाश विचारलं,

"किती दिवस झाले, दिसत नाही त्याला?"

"दीड वर्ष. जास्तच."

"मग हे सहा?" त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पुडी काढली.

भय्यासाहेबांचा हात सवयीने पुढे आला आणि अर्ध्यावरून परत गुडघ्यावर गेला.

"सूनबाईला दाखवा."

अंबादासजींनी तिच्याकडे पाहिलं. थोडा वेळ पुडी त्यांच्या हातातच राहिली. मग त्यांनी ती तिच्यासमोर ठेवली.

विनताने काळं कापड खिडकीपाशी पसरलं. एकेक मोती त्यावर फिरवला, भिंग लावून प्रत्येकाच्या छिद्रात पाहिलं. तिने घाई केली नाही.

"सहाही खरे आहेत. हा एक जरा पिवळट आहे. तो आतल्या बाजूला घालायला सांगा."

"नक्की?"

"नक्की."

या बैठकीत आजवर हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता.

"अच्छा," अंबादासजी म्हणाले आणि हातातला मणी त्यांनी कपच्यांसकट कापडावर ठेवला. "चलो, मधे माणिकच बसवू." चहा त्यांनी घेतला. निघताना भय्यासाहेबांना नमस्कार केला, तो नेहमीसारखाच वाकून. ही गोष्ट बाहेर सांगणार नाही, असं ते म्हणाले नाहीत आणि भय्यासाहेबांनीही सुचवलं नाही. माणकासाठी ते इथून सराफ्यातच जाणार होते.

टांग्याचा आवाज दूर गेला. विनता ठोकळा पुसू लागली.

"घेतला तेव्हाच तुला कळलं होतं?"

"शंका आली होती."

"मग बोलली काहून नाही?"

"तुम्ही खूश होते."

भय्यासाहेबांनी मान हलवली. "पुढच्या वेळी बोल," ते म्हणाले. काही वेळाने त्यांनी कापडावर चाचपून तो मणी शोधला आणि तिच्यापुढे धरला. "आतून कसा दिसतो हा? मी कधी पाहिला नाही."

तिने तो उजेडात धरला. "मधे मणी आहे, पांढरा, अगदी गोल. शिंपल्याचाच घासून केलेला. आणि वर पापुद्रा."

"केवढा जाड?"

"कांद्याच्या सालीएवढा. पण सगळीकडे सारखा."

"आणि तो पापुद्रा शिंपल्यातल्या जिवानेच चढवला?"

"हो. आपल्या नेहमीच्या मोत्यावर चढवतो, तसाच."

भय्यासाहेबांनी मणी तिच्याकडून घेऊन बोटांत फिरवला.

"म्हणजे त्या जिवालाही खोटा कळला नाही," ते म्हणाले, आणि त्यांना हसू आवरेना.