नव्या हेडला जुना प्लग

मी एका जुन्या मोटारसायकलचं इंजिन आहे, मित्रांनो. खरं सांगायचं तर पुरता जुनाही नाही. माझं सिलिंडर हेड, म्हणजे माझा वरचा भाग, भलत्याच कारखान्यातून आलेलं आहे. त्यामुळे कुणी मला अस्सल म्हणालं की मी आपला गप्प बसतो.

वितळलेल्या धातूतून मला ओतलं, घासूनपुसून मोटारसायकलवर चढवलं आणि मी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरच्या घरी आलो. माझ्या बाजूला साइडकार होती. कामाच्या दिवशी तिच्यात रंगाचे डबे असत आणि सुट्टीच्या दिवशी काकू. काकू म्हणजे पेंटरकाकांची बायको, कपडे शिवणारी. तिची धाकटी बहीण गावाबाहेरच्या चढावर राहायची. तिथे पोचलो की दोघींच्या गप्पांना ऊत यायचा आणि परतताना काकूचा घसा बसलेला असायचा. काका मला अंगातल्या शर्टानेच पुसायचे आणि बोलणी खायचे. काय थाट होता माझा!

मग माझ्या हेडला तडा गेला. मूळचं हेड कुठेच मिळेना, म्हणून काकांनी तसंच दिसणारं नवं बनावटीचं बसवलं. तेव्हापासून माझं दुखणं सुरू झालं. सपाटीवर मी कसाबसा चालायचो, पण चढ लागला की भकभक करून बंद पडायचो. काकांनी कार्बुरेटर साफ केला, पेट्रोल बदललं, वायरी बदलल्या. दर वेळी पेट्रोल पेटवायला ठिणगी टाकणारा नवा प्लगही आणला, पण तोच, माझ्या जुन्या माहितीपुस्तकातल्या नंबरचा. दुकानदारही गाडीचं नाव ऐकून तोच काढून द्यायचा. नव्या हेडमधलं प्लग बसवायचं भोक जास्त खोल आहे, प्लगचं टोक भोकातच दडून राहतंय आणि भोकाच्या उरलेल्या आट्यांवर काजळी धरतेय, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मी जीव तोडून सांगत होतो, पण माझं सांगणं म्हणजे तीच भकभक!

इकडे काकूच्या गुडघ्यांनी दगा दिला. बस चढाच्या पायथ्याशीच थांबायची आणि तिथून वर चालणं तिला झेपेना. वर बहीण आजारपणातून उठलेली, तिला खाली उतरवेना. दोघी फोनवर बोलायच्या आणि फोन ठेवला की काकू उगाचच मशीन जोरात चालवायची.

एकदा मी भर चढावर बंद पडलो. काकूला घेऊन मागे घरंगळू लागलो. काकांनी कसाबसा ब्रेक दाबून धरला. घरी आल्यावर काकू शांतपणे म्हणाली, की आता विकून टाका याला. काका त्या दिवशी जेवले नाहीत. मी शेडमध्ये ताडपत्रीखाली गेलो आणि माझ्या सीटवर शेजारची मांजर झोपू लागली. मला फार वाईट वाटायचं, मित्रांनो.

पुढे एक गिऱ्हाईक काकूकडे आलं आणि जुन्याच मापाने शिवा म्हणू लागलं. काकूने ऐकलं नाही, टेप लावलाच. बाई गेल्यावर ती विणकामाची आकडीची सुई घेऊन तडक शेडमध्ये आली.

"अहो, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो, मी माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही," ती म्हणाली. "या नव्या हेडचं माप तुम्ही कधी घेतलंत?"

काकांनी प्लग काढला. सुईची आकडी भोकाच्या आतल्या काठाला अडकवली आणि वरच्या काठाशी काकूने सुईला दोरा बांधला. मग सुई प्लगच्या आट्यांशेजारी धरली. प्लग चांगलाच आखूड! काकांनी कपाळावर हात मारून घेतला.

दोघं सुई घेऊन दुकानात गेली. काका हरखून सगळ्यांत लांब प्लग उचलू लागले, तेव्हा काकूने त्यांचा हात धरला. तोकडा नको तसा पायघोळही नको, म्हणाली. बरोबरच होतं. लांब प्लग पिस्टनवर आपटला असता. जुन्याइतकीच उष्णता सोसणारा, पण सुईवरच्या दोऱ्याशी जुळणारा प्लग मिळाला. बसवल्यावर काकांनी मला आधी हळूहळू हाताने फिरवून पाहिलं. आत काही अडलं नाही. मग किक मारली, आणि काय सांगू, मला माझाच आवाज ओळखता आला!

चढावर काकू साइडकारचा काठ घट्ट धरून बसली होती. मी एकदाही अडखळलो नाही. वर बहीण काठी टेकत फाटकाशी आली. काकू उतरायला धडपडू लागली.

"उतरू नकोस, ताई," बहीण म्हणाली. "जरा सरक."

आणि ती आत शिरून काकूला खेटून बसली. दोघीही रडत होत्या. काका उगाचच माझी टाकी पुसत राहिले.

मित्रांनो, जुन्या यंत्राला नुसतं पुसू नका, झाकून ठेवू नका. त्याच्यात काय बदललंय ते बघा, त्याला आज काय हवंय ते विचारा. आणि हे लवकर करा, कारण तुमची गाडी अडली की वर कुणीतरी वाट बघत बसलेलं असतं.