पोचले

माझं आयुष्य सोन्याच्या कणांमागे गेलं. केसाहून हजारपट बारीक कण. पाठीवर औषध घ्यायचं आणि रक्तातून कर्करोगाच्या गाठीपर्यंत जायचं, एवढंच त्यांचं काम. प्रयोगशाळेत रोज सकाळी एकच प्रश्न, पोचले का? उंदरांत बहुतेकदा पोचायचे नाहीत. वाटेत यकृत त्यांना मटकावून बसायचं. ते का पोचत नाहीत हे सांगता सांगता मी प्राध्यापक झाले.

दादा त्यांना हमाल म्हणायचा. "सोन्याचे हमाल, आणि काम एक धड नाही!" मग त्याच्याच स्वादुपिंडात गाठ निघाली. बाकीची औषधं हरली, तेव्हा माणसांवरच्या एका चाचणीत त्याला हेच हमाल टोचले.

आज दुपारी डॉक्टरीणबाईंनी मला आधी बाजूला नेऊन स्कॅन दाखवला. यकृत कणांनी लख्ख उजळलेलं, गाठ काळीठिक्कर. आता दुसरा उपाय नाही, असं त्या म्हणाल्या. असं चित्र उंदरांचं इतक्यांदा पाहिलंय, की मी सवयीनं म्हणाले, "अपेक्षितच होतं." बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला काहीच वाटत नव्हतं. स्वतःची लाजसुद्धा वाटेना.

खोलीत गेले तर वहिनी त्याला घोटघोट पाणी पाजत होती.

"काय गं, पोचले का?" दादानं विचारलं.

"संध्याकाळपर्यंत कळेल," मी ठोकून दिलं.

"बरं. घरी पोचलीस की कळव." मी शाळेत जायला लागले तेव्हापासून त्याचं हे चालू आहे.

घरी आले, चपला काढल्या, पंखा लावला आणि नेहमीसारखा त्याला मेसेज टाकला, "पोचले."

लगेच वहिनीचा फोन. "ताई, खरंच पोचले? अहो, मी म्हणत नव्हते का!" ती रडत होती. मागून दादा खोकत खोकत हसत होता. "सगळे हमाल? विचार तिला, सगळे?"

घोळ माझ्या ध्यानात यायला जरा वेळच लागला.

"वहिनी, कण नाही पोचले," मी म्हणाले. "मी. मी घरी पोचले."

मग फोन दादाच्या हातात गेला असावा, त्याचा श्वास मी ओळखते.

"बरं," तो म्हणाला. "दार नीट लावून घे."

मी उठले. दार लावलेलंच होतं. तरी कडी काढली आणि पुन्हा लावली.