वालाभोवतीचं कुंपण

मुलीच्या लग्नात रिकामी घागर घेऊन परत फिरलेली बाई काय करेल, याचा अंदाज मरोळ गावठाणात कुणालाच आला नाही. क्लेमेंटला तर मुळीच नाही.

लेक पेट्रिशियाच्या लग्नाआधी एमिलिया वाजतगाजत उंबराचं पाणी, म्हणजे नवरीच्या आंघोळीचं पाणी, आणायला निघाली. ते पाणी थोरल्या दिराच्या, म्हणजे क्लेमेंटच्या विहिरीवरून आणायचं, ही घरातली जुनी रीत. क्लेमेंटने विहिरीवर फळ्या टाकून कुलूप ठोकलं होतं. भाऊ वारल्यावर त्याच्या पोरीचं लग्न ठरवताना आपल्याला विचारलं नाही, हा त्याचा राग. बँड थांबला. बायांनी आधी घागर बघितली, मग एमिलियाचं तोंड. नवरा गेला तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.

रडून झाल्यावर ती भात पिकायची वाट बघत बसली.

त्र्याऐंशी साली मरोळला चहूकडे कारखाने उठले होते, तरी चार-पाच घरांची खाचरं अजून तग धरून होती. भात कापलं की सगळ्यांची गुरं सगळ्यांच्या खाचरांत मोकळी सुटायची. क्लेमेंटच्या आठ म्हशी आणि बैलजोडी एमिलियाच्या खाचरात चरून तिथूनच पलीकडच्या खाचरांत आणि तळ्यावर जायची; त्यांना दुसरी वाट नव्हती. बदल्यात तिला शेण मिळायचं आणि जूनमध्ये त्याचेच बैल तिचं खाचर नांगरायचे.

त्या वर्षी तिने कापणी होताच जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरला आणि भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं.

"वालात असं काय मिळणार हाय गो तुला?" शेजारच्या प्रेमाने विचारलं.

"नाय मिळालं तरी चालेल. त्याच्या म्हशी उपाशी मेल्या पायजेत!"

आठवड्याने क्लेमेंट स्वतः कुंपणाशी आला. गावात कुणापुढे मान न वाकवणारा माणूस, टोपी हातात घेऊन उभा.

"एमिली, वाट दे गो. जनावरं मुकी हायत."

"माझी पोर पण त्या दिवशी मुकीच उभी होती, भावजी."

त्या रात्री ती पोटभर जेवली. खोटं कशाला बोला, तिला फार बरं वाटलं.

चारा विकत घेऊन क्लेमेंट जानेवारीपर्यंत टिकला. मग आधी म्हशी गेल्या, पाठोपाठ बैल. टेम्पोत चढवलेली जोडी बघायला एमिलिया मुद्दाम ओटीवर येऊन बसली. वालही झकास आला.

जून उजाडला तेव्हा तिची ट्यूब पेटली. नांगराला बैल कुठून आणायचे? गावठाणात आता एकच जोडी उरली होती, युस्टेसची. त्याने दारातूनच वाटेला लावलं. "रीत तू मोडलीस. उद्या माझ्या गुरांना पण काटे लावशील."

शेवटी ती क्लेमेंटच्या गोठ्याशी गेली. गोठा झाडून स्वच्छ होता. तो रिकाम्या गव्हाणीवर बसला होता.

"बैल कुणाकडे मिळतील, भावजी?"

"वाल बक्कळ झाला ना? त्यालाच जुंप."

तिने घरी येऊन कुदळ काढली. चार दिवसांत हातांची सालटी निघाली आणि खाचराचा जेमतेम एक कोपरा उकरून झाला. क्लेमेंट रोज बांधावर येऊन बसायचा. त्याला आता दुसरं काम नव्हतं. ती दमून थांबली की तो बघायचा, तीही त्याच्याकडे बघायची. दोघांपैकी एकालाही अजून पश्चात्ताप झाला नव्हता.