मान उजव्याला, पेनल्टी डाव्याला

मी डावा बोलायलोय. हो, डावाच! गोलकीपरच्या हातमोज्यांच्या जोडीतला डावा. उजव्याचं ऐकायला आला असाल तर तो शेजारीच टांगलाय, पण तो बोलणार नाही. मागच्या हंगामातल्या शेवटच्या मॅचपासून त्याची बोलती बंद आहे.

जन्म आमचा जालंधरच्या एका कारखान्यातला. एकाच बाईनं, एकाच मशीनवर आम्हा दोघांना शिवलं. तळव्याला तोच पांढरा चिकट रबर, मनगटाला तोच पट्टा. तरी डब्यात भरताना तिनं उजव्याला वर ठेवलं अन् मला खाली कोंबलं. डावं-उजवं तिथूनच सुरू झालं बघा.

नांदेडच्या दुकानातून आम्हाला दत्तरावांनी घेतलं. दत्तराव म्हणजे पूर्णा जंक्शनचे रिटायर झालेले गार्ड. संध्याकाळी रेल्वेच्या मैदानावर पोरींना फुटबॉल शिकवायचे. त्यांनी आम्हाला शिवरंजनीच्या हातात घातलं. पूर्णेत शिवप्रकाशअप्पांचं भांड्यांचं दुकान आहे, त्यांची ही लेक.

पोरगी गोलकीपर कशी झाली ते ऐका. अप्पा माळ्यावर चढून तांबे, डबे, पातेली खाली टाकायचे अन् ही खाली उभी राहून झेलायची. भांडं पडलं की पोचा आला, अन् पोचा पडलेलं भांडं कोण घेतंय? सहा वर्षांची असल्यापासून तिनं साधी वाटी पाडली नाही. एकदा दत्तराव तांब्या घ्यायला आले. तांब्या राहिला बाजूला, ते पोरीकडंच बघत बसले.

"अप्पा, ही पोरगी द्या मला गोलात उभी करायला."

"तांब्याच न्या की गार्डसाहेब," अप्पा म्हणाले. "फुकट देतो."

पण दत्तराव चिवट माणूस. आठ-नऊ वर्षं त्यांनी तिला त्या मैदानावर लोळवलं. मग एक दिवस देशातल्या बायकांच्या सगळ्यात वरच्या लीगमधल्या एका क्लबनं तिला बोलावलं. घरात वादळ उठलं. अप्पा काही केल्या ऐकेनात. शेवटी अप्पांची आई, गंगम्मा, मधे पडली.

"जाऊ दे तिला. म्या जामीन हाय तिची."

"एक हंगाम," अप्पा बोट नाचवून म्हणाले. "कप आणलास तर पुढचं बोलू. न्हाई आणलास तर गल्ल्यावर बसायचं, अन् तू बी आई, पुन्हा मधी बोलायचं न्हाई."

अशी अट घेऊन आम्ही निघालो.

काय सांगू तो हंगाम! आठ टीम, चौदा मॅच. कुठं अंगाची लाही करणारं ऊन, कुठं चिखल, कुठं दहा हजार माणसं बोंबलायलीत. पण माळ्यावरनं आलेलं पातेलं अन् वरून आलेला बॉल पोरीला सारखेच. तेरा मॅचमध्ये आम्ही फक्त पाच गोल खाल्ले!

अन् कौतुक कुणाचं? उजव्याचं. तिचा जोर उजव्या हातात, म्हणून ती कठीण बॉलला त्यालाच पुढं करायची. पेपरात फोटो त्याचा. आमची कप्तान, मणिपूरची थोईबी, मॅच जिंकली की टाळी द्यायची ती त्यालाच. मी कशाला? पाण्याची बाटली धरायला अन् नाक पुसायला! रात्री बाथरूममध्ये वाळत घातल्यावर हा शहाणा मला म्हणायचा, "थकलास का रे? पण तू केलंस तरी काय?" मी दात-ओठ खायचो. पण माणसांचंच असं आहे. प्रसाद उजव्यात, शेकहँड उजव्यानं, आशीर्वाद उजव्यानं. मग मोज्याला कोण विचारतो?

शेवटची मॅच हैदराबादला होती. आम्ही एका पॉइंटनं पुढं अन् समोर नेमकी दोन नंबरची टीम. बरोबरी झाली तरी कप आमचा, हरलो तर त्यांचा. पूर्णेहून रेल्वेनं अप्पा अन् गंगम्मा सकाळीच येऊन पोचले.

शिवरंजनी खाली जेवायला गेली होती. हॉटेलच्या खोलीत गंगम्मा एकटीच. तिनं आम्हाला बॅगेतून बाहेर काढलं, कनवटीची विभूतीची वडी काढली अन् "ओम नमः शिवाय" म्हणत उजव्याच्या तळव्यावर घासायला लागली. चांगली चेपून चेपून, बोटाबोटात घालून. मीही तळवा पसरून वाट बघत पडलो. तिनं माझ्याकडं पाहिलं अन् म्हणाली, "डाव्या हाताला कशाला?" अन् दिलं मला बॅगेत टाकून.

लय वाईट वाटलं हो. खोटं कशाला सांगू, रडूच आलं.

मॅच सुरू व्हायच्या आधी पोरीनं नेहमीसारखं आमच्यावर पाणी मारलं. पांढऱ्या रबरावर पांढरी राख, कुणाला दिसणार? अकराव्या मिनिटाला त्यांच्या नऊ नंबरवालीनं एक साधा, अगदी गरीब बॉल मारला. शिवरंजनीनं उजवा पुढं केला अन् बॉल साबणाच्या वडीसारखा सुटून मागं गोलात!

पोरगी उजव्याच्या तळव्याकडं बघत राहिली. मग तिनं तो नाकाशी नेला. लहानपणापासूनचा वास तो, ओळखणार नाही होय? तिनं स्टँडकडं पाहिलं. तिथं गंगम्मा पदर हलवून तिला धीर देत होती.

हाफटाइमला कोचमॅडम कडाडल्या, "काय झालं काय तुला?"

"हात घसरला मॅडम," एवढंच ती बोलली. आजीचं नाव घेतलं नाही. नळाखाली उजव्याला घासघास घासलं, पण राख रबरात मुरलेली, ती थोडीच निघतेय? मॅडमनी दुसऱ्या गोलकीपरला तयार राहायला सांगितलं. अजून एक चूक अन् ही बाहेर.

तेव्हा पहिल्यांदा तिनं मला घट्ट आवळलं. पट्टा दोनदा ओढून पाहिला अन् हळूच म्हणाली, "आता तूच हायस बाबा."

अहो, एवढं ऐकायलाच तर जन्म काढला होता मी!

दुसऱ्या हाफमध्ये येईल तो बॉल माझ्याकडं. एक मी ठोसा मारून काढला, एक छातीशी दाबून धरला. त्रेसष्टाव्या मिनिटाला थोईबीनं डोक्यानं गोल केला. एक-एक! आता फक्त वेळ काढायचा होता. अन् अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला आमच्याच एकीच्या हाताला बॉल लागला. रेफरीनं शिट्टी फुंकली. पेनल्टी.

मारायला तीच नऊ नंबरवाली. तिला उजव्याचं दुखणं कळलं होतं की काय देव जाणे, तिनं डोळ्यानं उजवीकडं दाखवलं. पण अप्पाही माळ्यावरून असंच करायचे, बघायचे एकीकडं अन् टाकायचे दुसरीकडं. पोरगी हलली नाही. बॉल निघाला तो डावीकडं, खाली, खांबाच्या कडेनं. तिनं सगळं अंग झोकून दिलं. मी ताणलो, ताणलो, मधल्या बोटाची शिवण फाटेस्तोवर ताणलो अन् बॉलला टोक लावलं. बॉल खांबावर आदळला अन् बाहेर!

"अरे पोरी!" स्टँडमधून अप्पा असे ओरडले की पूर्णेपर्यंत ऐकू जावं. दोन मिनिटांनी शिट्टी वाजली अन् आम्ही देशाचे चॅम्पियन झालो!

कप घेऊन शिवरंजनी आजीकडं धावली. गंगम्मा डोळे पुसत म्हणाली, "पर माय, म्या उजव्याला एवढी इभूत लावली व्हती, तरी त्यो पहिला कसा काय सुटला गं?"

"आजी," पोरगी हसत सुटली, "त्येच्यानंच सुटला की!"

गंगम्माचा चेहरा उतरला. मग तिनं मला पोरीच्या हातासकट आपल्या हातात घेतलं. "साठ वर्सं झाली, रोज सकाळी ह्याच डाव्या तळहातावर गळ्यातलं लिंग ठिवून पूजा करायले म्या. देव बसतो त्यो हात ह्यो. अन् म्या ह्यालाच माघं सारलं." तिनं वडी काढली अन् माझ्या पाठीवर तीन बोटं ओढली. तळव्याला मात्र शिवली नाही, तेवढी ती शिकली होती!

अप्पा खाकरून म्हणाले, "पुढच्या हंगामाला कधी निघायचं हाय?"

आता पोरीला नवी जोडी मिळालीय. आम्ही दोघं दुकानात गल्ल्याच्या वर टांगलोय. माझं बोट फाटकं ते फाटकंच, कुणाला शिवू देत नाही गंगम्मा. उजव्यावर माझा राग राहिला नाही, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? तुम्ही मात्र आपल्या डाव्या हाताला अधूनमधून विचारत जा.

अजूनही लोक आम्हाला बघायला येतात अन् सवयीनं उजव्यालाच हात लावून पाया पडतात. मग आतून गंगम्मा ओरडते, "त्यो न्हाई रे! त्येच्या शेजारचा!"