वाहिदशेठची थंड खोली

दिग्रसच्या वाहिदशेठनं नागपूरहून हवा थंड करायचं मशीन आणलं. गारवा पळू नये म्हणून त्यानं खोलीच्या खिडक्यांवर फळ्या ठोकल्या आणि दाराच्या चौकटीला लोकरीचा जाड नमदा लावला. बासष्ट सालच्या वैशाखात एका दुपारी तो घराजवळच्या, कापसातली सरकी काढायच्या जिनिंगवर गेला होता आणि त्याची बायको हुस्नाबी दार घट्ट लोटून आत पडली होती. जिनिंगमधून उडालेला कापूस मशीनच्या जाळीत गच्च बसला होता. मशीन घरघरलं, गरम वाफारा फेकू लागलं आणि बंद पडलं.

हुस्नाबी दाराशी गेली. मशीनमधून गळून दाराशी साचलेल्या पाण्यानं नमदा फुगला होता आणि दार चौकटीत गच्च बसलं होतं. तिनं दार ओढलं तर कडीच हातात आली. हाका मारमारून घसा सुकला. बाहेर कुणाला काही ऐकूच जात नव्हतं.

"या अल्ला, सोताच्याच घरात कोंडून मरतो का काय मी!"

तिनं पानदानातला अडकित्ता घेतला आणि खिडकीची फळी उचकटायला लागली. बोटं सोलली, पण फळी निघाली. तोंडावर आलेली झळही तिला गोड लागली. शेजारच्या छतावर लालीबाई मिरच्या वाळवत होती.

"लालीबाई, मले बाहीर काढ व!"

"अव माय, काय झालं?" म्हणत लालीबाई धावत आली आणि तिनं खांद्यानं दार आत ढकललं.

संध्याकाळी वाहिद म्हणाला, "मशीन उद्या दुरुस्त करून घेतो."

"घ्या," हुस्नाबी म्हणाली. "पण फळ्या ठोकल्या त आत तुमीच निजा."

वाहिदनं तिची सोललेली बोटं पाहिली आणि उरलेल्या फळ्या उपटायला घेतल्या.