वरदच्या नावाचा उखाणा

अनुया मालिकेत सून झाल्यापासून तिचा खरा नवरा वरद तिला घरापेक्षा टीव्हीवरच जास्त बघत होता. बेलवलीच्या घरी हळदीकुंकवाला तरी ती चारचौघींत आपलं नाव घेईल, म्हणून त्याने मोरिवलीच्या कारखान्यात अर्धी रजा टाकली.

बायकांनी आग्रह केला. अनुया लाजली, अगदी क्लोजअपसारखी.

"तिळगुळाच्या वडीला वेलचीचा वास, विक्रमरावांचं नाव घेते, हळदीकुंकू खास!"

विक्रमराव मालिकेतले. टाळ्या मात्र खऱ्या पडल्या.

"अय्या, सवयीनं आलं गं!" जीभ चावून अनुया धावत स्वयंपाकघरात, वरदपाशी आली. "सॉरी रे! पण तुझ्या नावाचा कुणी लिहूनच दिला नाही."

बाहेरून हाका येत होत्या. वरदने खिशातलं पेन काढलं.