फाटकाबाहेरची भाजी

साथ ओसरून वर्ष उलटलं होतं, तरी सोसायटीच्या सेक्रेटरींच्या घरात ती अजून ठाण मांडून होती. फोनवरून मागवलेली पाकिटं आधी गॅलरीतल्या उन्हात पडायची, मग भाजी साबणाच्या पाण्यात बुडायची.

मोठी बहीण राहायला आली होती. घेवड्याचा घास घेऊन ती थांबली. "भाजी आहे की धुणं?"

"खबरदारी घ्यावी माणसानं, ताई."

"घे की. पण फेस तरी काढ."

साथीत सेक्रेटरींची बायको गेली. ती रोज फाटकाशी बसणाऱ्या भाजीवालीकडे जायची, दोन शब्द बोलायची. दुखणं तिथूनच आलं, असं सेक्रेटरींनी मनाशी धरलं आणि फाटकावर पाटी ठोकली : 'विक्रेत्यांना मनाई.' हळूहळू सगळ्यांनाच घरपोच सामानाची सवय लागली. पाटी तशीच राहिली.

त्या सकाळी भाजीवाली आली होती. फाटकाबाहेरूनच बोलली.

"काका, मोठ्या रस्त्यावर गिऱ्हाईक थांबत नाही. पहिल्या जागी बसू का? नाही म्हणालात तर धंदा मोडून लेकीकडे जाते."

"संध्याकाळी सांगतो," म्हणून ते वर आले होते.

"काय सांगणार?" बहिणीनं विचारलं. ती जन्मभर नर्स होती. साथीतही तिनं वॉर्ड सोडला नव्हता.

"नाही म्हणणार. तिच्या भाजीतूनच आलं ते."

"अरे, तो रोग श्वासातून पसरायचा. टोमॅटोतून नाही."

"मग गप्पांतून आला असेल."

"असेल. नाहीतर जिन्यातून, बँकेतून, तुझ्या अंगावरूनही. कुणालाच ठाऊक नाही. तेच तुला सोसवेना, म्हणून दोष देऊन टाकलास तिला. घरी बसायची सोय तिला नव्हती. ती भाजी आणत होती म्हणून तुमच्या चुली पेटल्या. साथ होती तोवर पाटी खबरदारीची होती. आता ती नुसती शिक्षा आहे."

सेक्रेटरी ताटावरून उठले.

संध्याकाळी त्यांनी पाटी उतरवली. भाजीवालीनं पहिल्या जागी टोपली टेकवली. ते समोर बसले. एक टोमॅटो उचलला, ठेवला, दुसरा उचलला. काय बघायचं तेच कळेना.

"आमची मंडळी कशी निवडायची गं?"

"काकू? त्या कधी निवडायच्या नाहीत. 'दे तू बघून,' म्हणायच्या."

सेक्रेटरींनी हातातला टोमॅटो खाली ठेवला.

"मग... दे तू बघून," ते म्हणाले, आणि पिशवी तिच्यापुढे धरली.

वाचकहो, साथीत आपण माणसांपासून लांब राहिलो, ते जीव वाचवण्यासाठी. ते बरोबरच होतं. पण घरबसल्या खरेदीची सोय अंगवळणी पडली आणि लांब राहणंही तसंच राहिलं. सोय जरूर घ्या. मात्र भीतीपोटी कुणाकडे जाणं सोडलं असेल, तर भीती सरल्यावर त्याच्याकडे एकदा तरी जा. तो तुमची वाट बघत असेल.